ठरावात लिहिलंय तेवढंच

शिरगणीच्या खोऱ्यात जमीन हलली की दिल्लीत डॉ. इंदुमती झोरेचा फोन वाजायचा. आधी मुजावरचा, मग दादाचा. आरिफ मुजावर हा तिचा जुना विद्यार्थी, आता खोऱ्यातल्या हायड्रोजन प्रकल्पाचा प्रमुख. तो आकडा सांगायचा. तिचा थोरला भाऊ कोंडिबादादा काय पडलं ते सांगायचा. त्या मंगळवारी मुजावर म्हणाला, "चार पूर्णांक सात, मॅडम. आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा." आणि दादाचा फोन आलाच नाही.

शेवटी तिनंच लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यानं उचलला.

"समदी बरी हायत," तो म्हणाला. "गोठ्याची भित आली खाली. म्हसरं भायेर व्हती म्हणून वाचली. मी उद्या दिल्लीला येतोय."

"दिल्लीला? कशाला?"

"तू काय करतीस ते बघाया."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

इंदुमती त्याच खोऱ्यावरच्या पठारावर, गवळी-धनगरांच्या वस्तीत वाढली होती. पायाखालचा खडक काळा का, याचं उत्तर शोधता शोधता ती भूरसायनशास्त्रज्ञ झाली. तो खडक लोहानं भरलेला होता. लोखंडाला पाणी लागलं की गंज चढतो. गंजताना लोखंड पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा होतो. जमिनीच्या पोटात, तीन किलोमीटर खाली, हे काम कायम चालू असतं, पण इतक्या संथपणे की माणसाला त्याचा काही उपयोग नाही. इंदुमतीनं निकेलचे क्षार मिसळलेलं गरम पाणी दाबानं त्या खडकात घातलं आणि हजारो वर्षांचं गंजणं काही आठवड्यांत उरकलं. एका बोअरमधून पाणी आत, दुसऱ्यातून हायड्रोजन बाहेर. धूर नाही, राख नाही. पाच वर्षांत देशातले निम्मे खतकारखाने शिरगणीच्या हायड्रोजनवर चालू लागले. परदेशातून येणारी गॅसची जहाजं कमी झाली. विज्ञानातल्या कामगिरीसाठी राष्ट्रपतींनी इंदुमतीची राज्यसभेवर नेमणूक केली, तेव्हा वस्तीवर पेढे वाटले गेले होते.

मग जमीन हलू लागली.

खडकातल्या जुन्या भेगा दोन्ही बाजूंच्या भारानं घट्ट मिटलेल्या असतात. त्यांत दाबाचं पाणी शिरलं की पकड सैल होते आणि एक बाजू दुसरीवरून सरकते. पहिल्या वर्षी भांडी हलली. दुसऱ्या वर्षी भिंतींना तडे गेले. खोऱ्यातली माणसं मोर्चा घेऊन मुंबईला गेली, आणि विधानसभेनं एकमतानं कायदा केला: शिरगणीतली सगळी बोअर सिमेंटनं कायमची बुजवायची. मुदत येत्या शुक्रवारची. कायदा झाला त्या दिवशी खोऱ्यात गुलाल उधळला गेला.

दिल्लीत धावपळ उडाली. हायड्रोजन थांबला तर खत थांबणार होतं. पण केंद्राचे हात बांधलेले होते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: कोणत्या विषयांवर संसदेनं कायदे करायचे, कोणत्यांवर राज्यांनी, आणि कोणत्यांवर दोघांनी. गॅस आणि गॅसचे कारखाने राज्यांच्या यादीत आहेत. हायड्रोजन हा गॅस की खनिज, यावर कोर्टात वर्षं गेली असती. मात्र घटनेत एक वाट होती. राष्ट्रहितासाठी आवश्यक आहे असा ठराव राज्यसभेनं केला, तर राज्यांच्या यादीतल्या विषयावरही संसद कायदा करू शकते, आणि तो राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरतो. अट एकच, हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्य बाजूनं हवेत. असा ठराव गुरुवारी सभागृहात येणार होता.

संसदीय कामकाज मंत्री मिरजगावकर मंगळवारीच तिच्याकडे येऊन बसले. गोड बोलणारा, हुशार माणूस.

"ताई, आमची स्वतःची मतं निम्म्याहून थोडी कमीच. प्रादेशिक पक्षांशिवाय दोन तृतीयांश होत नाहीत. त्यांना खत हवंय, पण भीतीही वाटते. आज यांचा गॅस घेतला, उद्या आमची जमीन घ्याल म्हणतात. ते तुमच्याकडे बघतायत. त्या खोऱ्यातली बाई, त्या विषयातली तज्ज्ञ. तुम्ही उभ्या राहिलात तर ते येतील."

"आणि अधिकार मिळाल्यावर कायदा कसला करणार?"

"उत्पादन चालू ठेवायचा. सुरक्षितपणे, अर्थात."

"सुरक्षितपणे म्हणजे कसं?"

"ते तुम्ही सांगायचं. समिती नेमू. अध्यक्ष तुम्हीच."

ते गेल्यावर तिनं मुजावरला फोन लावला. "आरिफ, शुक्रवारी बोअर बुजवली तर काय होईल?"

मुजावर म्हणाला, "तुम्हाला माहितीये, मॅडम."

तिला माहीत होतं. गॅस बंद केला तरी कुकर लगेच गार होत नाही. आतली वाफ तशीच असते. पंप थांबले तरी खडकात कोंडलेलं पाणी दाब घेऊन बाहेरच्या बाजूला पसरत राहतं. मुजावरनं पाठवलेल्या नकाशात दाबाची लाल कड खोऱ्याच्या उगवतीकडच्या मोठ्या भेगेला टेकली होती. ती भेग आत्तापर्यंत कधी हललेली नव्हती. बोअर सिमेंटनं बंद केली की त्या पाण्याला परत यायची वाट उरणार नव्हती. ज्या बोअरमधून पाणी आत घातलं, त्यांतूनच ते हळूहळू बाहेर काढणं हा एकच उपाय होता. त्याला दीड वर्ष लागलं असतं.

"सिमेंट नको. पंपही नकोत," ती म्हणाली. "मुंबईला मी दोनदा लिहिलं."

"कलेक्टरांशी मी बोललो. ते म्हणाले, मला पटतंय हो, पण कायद्यात बुजवा लिहिलंय. अधिवेशन संपलंय. आता वटहुकूम काढला तर लोक म्हणणार, हे कंपनीला विकले गेले. कुणी हात लावायला तयार नाही. चार नंबरच्या बोअरवर सिमेंटच्या गाड्या येऊन उभ्यात."

बुधवारी दुपारी कोंडिबादादा आला. पांढरं पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. विमानात पहिल्यांदाच बसला होता, पण त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तिनं पाणी दिलं, ते तो प्यायला. जेवायचं विचारलं, तर नको म्हणाला.

"इंदे, उद्याला तू कुनीकडनं?"

"दादा, आधी माझं ऐक." तिनं नकाशा पुढं ठेवला. लाल कड दाखवली. कुकरचं उदाहरण दिलं. तो मन लावून ऐकत राहिला. मध्ये एकदाच विचारलं, "ही भेग आपल्या पठाराखालनं जातीया?"

"हो."

तो मागं रेलला. "चालू करताना बी तू आशीच बसली व्हतीस. आसाच नकाशा व्हता. म्हणालीस, दादा, काय बी व्हनार न्हाई. बापाच्या जागी मी परवानगीच्या कागदावर सही केली."

तिनं नकाशाची घडी घातली.

"तुझं खरं बी आसंल," तो पुढं म्हणाला. "पर एक सांग. जन्मात पैल्यांदा आमचं म्हननं कुनीतरी ऐकलं. नुसतं ऐकलं न्हाई, कायदा केला. आन् आता तुम्ही वरनं म्हननार, तुमचा कायदा खोटा, आमचा खरा. एकदा हितं दिलं का परत मिळतं व्हय?"

"बोअर बुजवली तर पठार राहणार नाही, दादा."

"आन् दिल्लीच्या हातात दिलं तर ऱ्हाईल?"

त्याचा हा प्रश्न मात्र तिच्या डोक्यातून जाईना. तिनं ठरावाचा मसुदा पुन्हा काढला. 'राज्य सूचीतील गॅस व गॅसच्या कारखान्यांच्या विषयाबाबत संसदेने कायदे करावेत.' अख्खा विषय, काही मर्यादा नाही. मग घटनेतला तो अनुच्छेद वाचला, आधी घाईनं आणि मग एकेक शब्द सावकाश. संसदेला अधिकार मिळतो तो ठरावात नमूद केलेल्या बाबीपुरता. नमूद केलेल्या.

ती ताडकन उठली.

दुरुस्तीची सूचना देण्याची वेळ संपायला थोडाच अवकाश होता. तिनं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. 'गॅस व गॅसचे कारखाने' या शब्दांपुढं तिनं जोडलं: 'शिरगणी खोऱ्यातील हायड्रोजन बोअर टप्प्याटप्प्याने दाब उतरवून बंद करण्यापुरते, व त्या कामावर खोऱ्यातील ग्रामसभांनी निवडलेल्या समितीच्या देखरेखीपुरते.' नवं पाणी घालण्याचा अधिकार त्यात कुठंच नव्हता. उत्पादन चालू ठेवण्याचाही नव्हता. सूचना सचिवालयात पोचवून ती परत आली तेव्हा दादा सोफ्यावर न बसता खाली घोंगडी अंथरून झोपला होता.

गुरुवारी सकाळी सभागृहाबाहेरच मिरजगावकरांनी तिला गाठलं. आवाजातला गोडवा गेलेला होता.

"हे काय केलंत तुम्ही? तुम्हाला इथं आणलं कोणी?"

"विज्ञान कळतं म्हणून आणलंत ना? तेच करतेय."

"देशातली शेती थांबेल."

"बोअरमधून पाणी परत येताना वर्षभर थोडा हायड्रोजन येतच राहील. तेवढ्यात परदेशी गॅसचे करार करा. गैरसोय होईल. थांबणार काही नाही."

मिरजगावकर जवळ सरकले. "नीट ऐका. प्रादेशिक पक्ष तुमची दुरुस्ती मंजूर करतील, ती साध्या बहुमताची गोष्ट. पण मग मूळ ठरावाला आमची मतं पडणार नाहीत. दोन तृतीयांश होणार नाहीत. ठराव पडेल आणि उद्या सकाळी सिमेंट. तुमच्या भावाच्या घराखाली. अजून वेळ आहे, सूचना मागं घ्या. अख्खा अधिकार द्या. नाहीतर काहीच मिळणार नाही."

ते आत गेले. इंदुमती खांबाला हात टेकून उभी राहिली. हा माणूस नुसता धाक घालतोय की खरंच तसं करेल, हे तिला कळेना. खडकाचा दाब मोजायचं तंत्र तिच्याकडे होतं. या माणसाचा मोजायला तिच्याकडे काही नव्हतं. सूचना मागं घ्यावी असं एकदा मनात येऊन गेलं. नंतर भांडता येईल, समितीत बसून. पण समितीत बसून काय होतं हे तिनं पाच वर्षं पाहिलं होतं.

ती आत गेली. वर प्रेक्षकांच्या सज्जात पांढरं पागोटं दिसलं.

चर्चा तापलेली होती. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा फोनवर मुजावरचा निरोप चमकला: 'चार पूर्णांक नऊ. भेगेच्या अगदी जवळ.' तिनं तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि उभी राहिली.

"सभापती महोदय, ही पद्धत मी शोधली. तेव्हा त्यातला धोका मला पूर्ण दिसला नव्हता. आज दिसतोय, आणि तो मी सभागृहापुढं ठेवते आहे." तिनं नकाशातल्या लाल कडेबद्दल सांगितलं. कोंडलेल्या पाण्याबद्दल, सिमेंटबद्दल सांगितलं. "राज्याचा कायदा माणसांनी भीतीपोटी मागितला. ती भीती खरी आहे. फक्त उपाय चुकलाय. आपला मूळ ठराव उपाय करत नाही, खोऱ्याचा अधिकार तेवढा काढून घेतो. मी सभागृहाकडे त्यातला थोडाच अधिकार मागते आहे. आग विझवण्यापुरता. घटनेनं आपल्याला हवं ते हिसकावण्याची मुभा दिलेली नाही. काय हवं ते लिहून मागण्याची दिली आहे."

बाकं वाजली, कुठं आरडाओरडा झाला. तिनं मिरजगावकरांकडे पाहिलं.

"मगाशीच आणखी एक धक्का बसलाय. आत्ता इथला प्रत्येक जण हे ऐकतोय, आणि हे नोंदलं जातंय. उद्या खोऱ्यात काही झालं, तर आमच्या हातात काही नव्हतं असं म्हणायची सोय आजपासून कोणालाच राहिली नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही."

दुरुस्ती मंजूर झाली. प्रादेशिक पक्ष आणि विरोधक एकत्र आले. मग सभापतींनी मूळ ठराव दुरुस्तीसह मताला टाकला. दारं बंद झाली. सरकारी बाकांवर डोकी एकत्र आली. मिरजगावकर कुणाशी तरी हातवारे करत बोलत होते. मग ते एकटेच बसले, चष्मा काढून डोळे चोळत. घंटा वाजली. इंदुमतीनं हिरवं बटण दाबलं आणि फलकाकडे पाहत राहिली.

विरोधी बाजू हिरवी झाली. मध्यभाग हिरवा झाला. सरकारी बाजू काळी होती. एक लाल दिवा लागला, मग आणखी दोन. मिरजगावकरांनी चष्मा घातला, हात पुढं केला. त्यांच्या नावापुढं हिरवा दिवा लागला. त्यांच्या मागचे दिवे मग भराभर लागत गेले.

ठराव मंजूर झाला. संध्याकाळपर्यंत दोन्ही सभागृहांत त्याला धरून विधेयक आलं आणि मंजूर झालं, रात्रीत राष्ट्रपतींची सही झाली. शुक्रवारी सकाळी चार नंबरच्या बोअरवरून सिमेंटच्या गाड्या माघारी वळल्या आणि मुजावरनं व्हॉल्व्ह फक्त बोटभर उघडला. मिरजगावकर पुन्हा तिच्याशी बोलले नाहीत.

दादा तर सज्जातूनच निघून गेला होता. तिला न भेटता.

चौथ्या महिन्यात मोठा धक्का बसला. पाच पूर्णांक तीन. दुपारी, म्हशी रानात असताना. पठारावरची बरीच घरं बसली, आणि भिंतीखाली सापडून बमूतात्या गेला. बमूतात्या म्हणजे लहानपणी इंदुमतीला खांद्यावर बसवून शाळेत सोडणारा माणूस. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. कुणी लिहिलं की पंप चालू असते तर हे झालं नसतं. कुणी लिहिलं की सिमेंट भरलं असतं तर झालं नसतं. खत महाग झाल्याचं खापरही तिच्यावरच फुटलं.

ती खोऱ्यात पोचली तेव्हा मुजावर तिला बाजूला घेऊन गेला. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"बुजवली असती तर साडेसहाच्या वर गेला असता, मॅडम. मी सगळं परत मांडून पाहिलं. खोरं उरलं नसतं. हे आपण जाहीर करायला पाहिजे."

"कर. विज्ञानाच्या नियतकालिकात लिही. पण वस्तीवर जाऊन सांगू नकोस."

"का?"

"बमूतात्याच्या घरी काय सांगणार? बरं झालं, तुमचा एकच गेला?"

वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहत होती. तिला पाहून बोलणी थांबली. एका बाईनं चहाचा कप पुढं केला. शेडच्या टोकाला दादा बसला होता. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघं समोरच्या पडक्या भिंतींकडे बघत होती.

"मुजावर काल कमिटीत बोलला," दादा म्हणाला. "त्ये साडेसाचं. मीच ईचारलं त्याला खोदून."

"तुला पटलं?"

"पटलं आन् न्हाई पटलं. जे झालंच न्हाई ते मानसानं कसं मानायचं?" त्यानं घोंगडी सारखी केली. "पानी किती ऱ्हायलंय?"

"निम्म्याहून जास्त. अजून वर्ष तरी."

"आन् त्यो तुमचा ठराव?"

"तो एका वर्षापुरताच. घटनेत तसंच आहे, त्याच्या वर देता येत नाही. संपायच्या आत परत मांडायचा, परत दोन तृतीयांश मतं."

दादानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "म्हंजी परत लिवायचा."

"हो."

"म्हंजी त्यात परत कायबी घालत्याल. पंप घालत्याल."

"घालू शकतात. कुणीतरी वाचायला हवं."

"तू हायस की."

"माझी मुदत एप्रिलमध्ये संपते, दादा. मला परत नेमणार नाहीत."

पलीकडे कुणीतरी पत्र्यावर खिळा ठोकत होतं, ते थांबल्यावर त्यानं विचारलं.

"त्यो कागद वाचाया कवा मिळतो?"

"दोन दिवस आधी मिळाला तर मिळाला."

"मराठीत?"

"इंग्रजी आणि हिंदीत."

"मग आत्ताच शिकीव," तो म्हणाला. "कोन काय करू शकतं, कुठल्या शबुदानं करतं, समदं. आमी जातू दिल्लीच्या दारात हुबं ऱ्हायाला." मग शेडच्या आत वळून त्यानं हाक दिली, "ए, या रं हिकडं. बायास्नी बी बलवा. कमिटीतली हायत त्यांनी पुढं बसा."

माणसं एकेक करून आली. काही अंतर राखून बसली. ज्या बाईनं चहा दिला होता ती पुढं येऊन बसली. ती बमूतात्याची सून होती. इंदुमतीला सुरुवात कुठून करावी ते कळेना. तिनं पायाजवळचे तीन दगड उचलले आणि मातीत वेगवेगळे ठेवले.

"तीन याद्या आहेत," ती म्हणाली. "ही पहिली, दिल्लीची. सैन्य, रेल्वे, टपाल, नोटा. यातलं काही मुंबईला..."

जमीन हलली. पत्रे खडखडले, रानातून म्हशी हंबरल्या. कुणी उठलं नाही. सगळे हात जमिनीवर टेकून, श्वास धरून बसले, आणि थरथर पायांखालून खोऱ्याकडे उतरत जाऊन विरली.

"आन् दुसरी?" बमूतात्याच्या सुनेनं विचारलं.